डबा, नळ आणि सांगलीहून आलेलं पातेलं

पत्र:

ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. बाळ साडेचार महिन्यांचं आहे. सिझेरियन झालं, मग थायरॉइड निघाला, आणि सहाव्या आठवड्यात अंगावरचं दूध जवळजवळ आटलं. तेव्हापासून बाळ डब्याच्या दुधावरच आहे. महिन्यापूर्वी फॅमिली ग्रुपवर कुणीतरी 'बेबी फॉर्म्युलात शिसं आणि आर्सेनिक' अशी बातमी टाकली आणि माझी झोप उडाली. मी आता बाटलीत एक माप पावडर कमी घालते, तेवढं तरी शिसं कमी जाईल म्हणून. नवऱ्याने कुठल्याशा वेबसाइटवरून तिप्पट किमतीला जर्मन डबे मागवलेत. सासूबाई सांगलीहून आल्यात, त्या म्हणतात गाईचं दूध पाणी घालून द्या, आमची सगळी पोरं त्यावरच वाढली. पाणी मात्र त्या रोज पहाटे बरोबर आणलेल्या हिंडालियमच्या पातेल्यात वीस मिनिटं खळखळ उकळतात, म्हणजे सगळं विष निघून जाईल. मला प्रत्येक बाटली भरताना वाटतं, मी माझ्या हाताने लेकराला विष पाजते आहे. काय करू?
– मैत्रेयी (नाव बदललं आहे)

प्रिय मैत्रेयी,

बाकीचं नंतर वाच. आधी पुढची बाटली पूर्ण मापाने कर. डब्यावर ६० मिली पाण्याला एक माप लिहिलं असेल तर ६० ला एक. माप सपाट, वरून सुरीच्या पाठीने सारखं केलेलं. आधी पाणी, मग पावडर. एक माप गाळल्याने शिसं नावापुरतंच कमी होतं, पण प्रथिनं, क्षार, लोह आणि पोटाला लागणारा आधार कमी होतो. पातळ दूध पोटात जात राहिलं तर बाळाच्या रक्तातलं सोडियम उतरतं, बाळ मलूल पडतं, आणि फारच उतरलं तर झटके येतात. असं किती दिवस चाललंय ते तू लिहिलेलं नाहीस. आजच बाळाच्या डॉक्टरांना फोन करून सांग, आणि लाजून दिवस कमी सांगू नकोस. बाळ सुस्त वाटलं, दूध ओढेनासं झालं, तर फोनची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत जा.

झालं? आता चहा घेऊन बस.

मी तीस वर्षं अन्नपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत काढली, त्यातली निम्मी तरी जड धातूंच्या टेबलावर. मी बाळांची डॉक्टर नाही, त्यामुळे औषधपाण्याचं मला विचारू नकोस. पण 'अमुक पदार्थात शिसं सापडलं' या वाक्यातला 'सापडलं' म्हणजे काय, हे मला नीट ठाऊक आहे.

ती बातमी खरी आहे. मार्च २०२५ मध्ये 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या अमेरिकन ग्राहकसंस्थेने बाळाच्या दुधाच्या ४१ पावडरी तपासल्या. जवळपास निम्म्यांत शिसं, आर्सेनिक किंवा दुसरं एखादं दूषित द्रव्य काळजी करण्याजोगं निघालं. उरलेल्यांत तसं काही नव्हतं. ही दुसरी ओळ फॉरवर्ड होता होता गळून पडली, नेहमीप्रमाणे. त्याच महिन्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, 'ऑपरेशन स्टॉर्क स्पीड' जाहीर केलं आणि फॉर्म्युलाच्या धातूतपासण्या वाढवू म्हणून सांगितलं. त्याआधी दोनच महिने, जानेवारी २०२५ मध्ये, याच खात्याने बाळांच्या तयार खाण्यातल्या शिशाला मर्यादा घालून दिली होती. बहुतेक फळं-भाज्यांच्या लगद्याला १० पीपीबी, म्हणजे अब्जात दहा भाग, कोरड्या सिरियलला २०. फॉर्म्युला त्यातून वगळलेला होता. जे बाळ दिवसभर एकाच डब्यावर जगतं, त्याचा डबा वगळायचा, हे मला आजही पटत नाही.

शिसं डब्यात कुणी घालत नाही. ते मातीत असतं, पाण्यात असतं. गाय खाते त्या चाऱ्यात, सोयाबीनमध्ये, तांदळाच्या पिठीत आणि पावडरीत मिसळायच्या कॅल्शियमसारख्या खनिजांतही थोडं उतरतं. आमच्याकडे नमुना नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवून पाण्यासारखा नितळ केला की यंत्राला लावायचा. त्याआधी 'ब्लँक' लावायचा, म्हणजे नमुना न घालता नुसतं ॲसिड. एका पावसाळ्यात त्या ब्लँकमध्येच शिसं दिसायला लागलं. ॲसिड बदललं, नळ्या रात्रभर भिजवल्या, हातमोजे बदलले, तरी आकडा हलेना. तिसऱ्या दिवशी शिपायाच्या लक्षात आलं की खिडकीच्या चौकटीचा जुना रंग पोपडे धरून सुटतोय आणि झाडलोट केली की त्याची धूळ टेबलावर बसतेय. दुधाचा नमुना तोवर फ्रीजमध्ये बंद होता. ही खिडकी लक्षात ठेव, पुढे लागेल.

आता हिशोब करू. वहीत लिहून घे. तुझं बाळ दिवसाला साधारण ९०० मिली पितं असं धरू. म्हणजे १५ मापं, वजनात अंदाजे १३० ग्रॅम पावडर. पावडरीत ४ पीपीबी शिसं आहे असं समज. ४ हा अशा तपासण्यांत दिसलेल्या वरच्या टोकाजवळचा आकडा आहे. तर १३० ग्रॅममधून बाळाच्या पोटात जातं अर्धा मायक्रोग्रॅम. लहान मुलांच्या खाण्यातल्या शिशासाठी एफडीए दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम ही खूण धरते. म्हणजे डब्यातून त्याच्या पाव हिस्सा.

आता पाणी घे. अमेरिकेत नळाच्या पाण्यात शिसं १५ पीपीबीच्या वर गेलं की पाणीपुरवठा करणाऱ्यांना हालचाल करावी लागते, असा नियम वर्षानुवर्षं आहे. आता ती रेघ १० वर आणायचं ठरलंय. ९०० मिलीच्या हिशोबाने १५ पीपीबीचं पाणी म्हणजे साडेतेरा मायक्रोग्रॅम. त्या खुणेच्या सहापट. तेही नियमाच्या रेघेवर उभ्या असलेल्या पाण्यातून! पाण्यात १ पीपीबीच असलं, तरी ते वरच्या डब्यापेक्षा जास्तच शिसं बाळाला देतं. पावडर कालवून दूध पिणाऱ्या बाळांच्या पोटात जाणाऱ्या शिशापैकी ४० ते ६० टक्के पाण्यातून येऊ शकतं, असं अमेरिकेचं पर्यावरण खातं स्वतःच सांगतं.

शिशाची सुरक्षित अशी मात्रा नाही, हे मी लपवत नाही. मोठ्या माणसाच्या आतड्यातून दहातला एखादा भाग रक्तात जातो, तान्ह्या बाळाच्या जवळपास निम्मा जातो. म्हणून तर सगळीकडून कमी करायचं. पण कुठून किती येतं हे न बघता घाबरलं की माणूस भलताच नळ बंद करतो. तू पावडर कमी केलीस, म्हणजे दुधातलं पाण्याचं प्रमाण वाढवलंस. वरचा हिशोब पुन्हा एकदा बघ.

आणि उकळणं. उकळण्याने जंतू मरतात. धातू मरत नाही, वाफेबरोबर उडतही नाही. वीस मिनिटं खळखळलं की पाणी आटतं आणि शिसं होतं तेवढंच खाली उरतं, म्हणजे दर घोटाला थोडं जास्तच.

त्यात ते पातेलं. खरं सांगू, तुझं पत्र वाचताना माझा जीव त्या पातेल्यात अडकला. ऑगस्ट २०२५ मध्ये एफडीएने भारतातून येणाऱ्या काही भांड्यांबद्दल इशारा दिला. ॲल्युमिनियम, पितळ, आणि नाव घेऊन हिंडालियम, म्हणजे ॲल्युमिनियमचाच मिश्रधातू. भांड्यातून अन्नात शिसं उतरतं असं चाचणीत दिसलं होतं. हे मिश्रधातू पुष्कळदा भंगार वितळवून ओततात, आणि भंगारात काय काय आलं त्याचा हिशोब कोण ठेवतो? प्रत्येक पातेलं तसलंच असेल असं नाही. आमटी-चिंच असल्या आंबट गोष्टी साध्या पाण्यापेक्षा जास्त ओढून काढतात, हेही खरं. पण घासून, उकळून, लिंबू-मीठ लावून भांड्यातलं शिसं जात नाही, आणि तुझ्या ओट्यावर ते कोणतं आहे हे नुसतं बघून मलाही सांगता यायचं नाही. बाळाच्या पाण्यासाठी ते आजपासून बंद. आमटी-भाजीसाठीही नको. त्यात तुळस लावायची तर तीही लावू नकोस, शोभेची फुलं लाव.

म्हणजे करायचं काय? पावडरीसाठी पाणी थंड नळाचं घे, गरम नळ शिसं जास्त ओढतो. रात्रभर नळ बंद होता तर आधी आंघोळी, भांडी उरकून घे, मग बाळाचं पाणी भर. नळाला किंवा पाण्याच्या जगला असा फिल्टर लाव, ज्याच्या खोक्यावर 'एनएसएफ/एएनएसआय ५३' आणि त्यापुढे शिशाचा उल्लेख आहे. नुसता चव सुधारणारा नको. घरी आरओ असेल तर तोही शिसं काढतो. उकळायचं की नाही ते डॉक्टरांना विचार. ते हो म्हणाले तर स्टीलच्या भांड्यात एक उकळी आली की गॅस बंद.

घर कधीचं आहे ते बघ. १९८६ नंतर अमेरिकेत नळजोडणीत शिशाला बंदी आली, १९७८ पासून घराच्या रंगात. त्याआधीचं घर असेल तर माझी खिडकी आठव. जुन्या खिडकीच्या खालच्या पट्टीवरची धूळ कोरड्या फडक्याने झटकू नकोस, ओल्याने पूस. बाळ रांगायला लागायच्या आत. रस्त्यापासून घरापर्यंत येणारा पाइप कशाचा आहे याची यादी ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक पाणीपुरवठादाराला ठेवावी लागते. फोन करून विचार. तुमच्या न्यू जर्सीने २०२१ मध्ये कायदाच केला की दहा वर्षांत शिशाचे सगळे पाइप उपटायचे. शेजारच्या नेवार्कने तर तेवीस हजारांच्या आसपास पाइप तीन वर्षांच्या आत बदलून दाखवले. पाणी तपासायचं असेल तर प्रमाणित प्रयोगशाळेची बाटली आण आणि किमान सहा तास न उघडलेल्या नळाचं अगदी पहिलं पाणी भर. लोक नळ वाहू देऊन स्वच्छ पाणी भरतात आणि मग रिपोर्ट छान येतो. आमच्याकडेही यायचे असे नमुने.

जर्मन डब्यांचं. युरोपात फॉर्म्युला पावडरीला शिशाची मर्यादा आहे, किलोला ०.०२० मिलिग्रॅम, म्हणजे २० पीपीबी. अमेरिकेपेक्षा ते एक पाऊल पुढे आहेत यात वाद नाही. पण मर्यादा २० आहे म्हणजे डब्यात अमेरिकन डब्यापेक्षा कमी आहे, असं होत नाही. आणि कुठल्याशा वेबसाइटवरून येणारा डबा कुठे, किती उन्हात पडून होता कोण जाणे. तो परत मागवला गेला तर तुला कळवणार कोण? शिवाय बऱ्याच युरोपीय डब्यांचं माप ३० मिलीला एक असतं. रात्री तीन वाजता अर्धवट झोपेत तू सवयीने ६० ला एक घालणार आणि दूध पुन्हा निम्म्याने पातळ. पैसे परत मिळत असतील तर घे. डबा बदलायचाच असेल तर डॉक्टरांना विचारून तिथल्याच दुकानातला, लोहयुक्त, साधा गाईच्या दुधाचा घे. ओकारी थांबावी म्हणून तांदळाचा स्टार्च घातलेले किंवा सोयाचे डबे कारण असल्याशिवाय नकोत.

वरचं दूध, म्हणजे गाईचं पाणी घालून, वर्षाच्या आत नको. एकच कारण सांगते, बाकीची डॉक्टर सांगतील. त्यात लोह नगण्य असतं, आणि शरीरात लोह कमी पडलं की आतडं शिसं जास्त शोषतं. शिशाला घाबरून गाईचं दूध सुरू केलं तर शिशालाच दार उघडून दिल्यासारखं होईल.

आता तुझं शेवटचं वाक्य. माझ्या हाताने विष पाजते आहे, असं तू लिहिलंस. हे वाक्य अगदी खरं होतं अशी एक जागा आहे, म्हणून तिकडचं सांगते.

१९५५ च्या उन्हाळ्यात पश्चिम जपानमध्ये बाटलीवरची बाळं आजारी पडायला लागली. ताप, जुलाब, उलट्या, काळवंडत जाणारी कातडी. ऑगस्टअखेर ओकायामा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी कारण जाहीर केलं. मोरिनागा कंपनीच्या तोकुशिमा कारखान्यातल्या दूध पावडरीत आर्सेनिक होतं. पावडर नीट विरघळावी म्हणून घातलेलं सोडियम फॉस्फेट ॲल्युमिनियम कारखान्याच्या टाकाऊ मालातून आलेलं होतं. जपानी रेल्वेने तसलंच रसायन बॉयलर धुवायला मागवलं होतं, तपासलं, आणि आर्सेनिक आहे म्हणून परत पाठवलं होतं. रेल्वेने इंजिनासाठी तपासून घेतलं, बाळांसाठी कुणी तपासलं नाही. तयार दुधात लिटरमागे ४ ते ७ मिलिग्रॅम आर्सेनिक होतं. आज पिण्याच्या पाण्याला चालतं त्याच्या चारशे ते सातशेपट. बारा हजारांवर बाळं आजारी पडली आणि वर्षभरात १३० गेली.

उरलेल्यांना आता काही होणार नाही, असं सांगून फाइल बंद झाली. चौदा वर्षांनी ओसाका विद्यापीठातले प्राध्यापक मारुयामा हिरोशी आणि त्यांच्या बरोबरच्या परिचारिका घरोघर गेल्या तेव्हा मुलं कशी आहेत ते कळलं, आणि आया काय म्हणतात तेही. माझं दूध आलं नाही, म्हणून मी डबा आणला, म्हणून हे झालं. एकीनंतर एक, हेच. रसायन कुणी विकत घेतलं, तपासलं का नाही, हे सगळं पेपरात छापून आल्यावरही त्या चौदा वर्षं स्वतःलाच धरून बसल्या होत्या.

तुझ्या डब्यातलं शिसं त्या डब्यातल्या आर्सेनिकच्या पासंगालाही पुरत नाही. पण ते वाक्य मात्र तंतोतंत तेच आहे. डब्यात धातू किती असावा हे ठरवणारी खाती आहेत, कंपन्यांकडे माझ्यासारखे पगारी लोक आहेत. त्यांचं काम तू रात्री तीन वाजता बाटली हातात धरून करू नकोस. आणि अंगावरच्या दुधातही शिसं शून्य नसतं. ते हाडांत वर्षानुवर्षं साठून राहतं, गरोदरपणात आणि दूध पाजताना थोडं बाहेर येतं. भारतात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, त्याआधीच्या धुरात वाढलेल्या आपण सगळ्या. तरीही अंगावरचं दूध चांगलंच. तुझं आलं असतं तर तू पाजलंच असतंस.

आता ही ओळ सासूबाईंना वाचून दाखव.

ताई, नमस्कार. सूनबाईने तुमच्याबद्दल तक्रार केलेली नाही, तुम्ही पहाटे उठून पाणी उकळता हे कौतुकाने लिहिलंय. मीही माझ्या नातीला सहाणेवर गुटी उगाळून दिली होती, वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ, सगळं. आज देणार नाही. हळद चकचकीत पिवळी दिसावी म्हणून तिला लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचाच पिवळा रंग, लावतात. हे बांगलादेशात पकडलं गेलं, आणि आपल्याकडच्या सुट्या हळकुंडाची खात्री मी तरी देणार नाही. बाजारातलं काजळ, सुरमा बाळाच्या डोळ्यात नको, सुरम्यात शिशाचं खनिज असतं. तीट लावायचीच तर तुपाच्या दिव्यावर धरलेल्या काजळीची, कानामागे. डोळ्यात तीही नको. चांदीचा वाटी-चमचा ठेवा कपाटात, उष्टावणाला लागेल. पातेलं मात्र नेऊ नका परत, सांगलीलाही नको.

मैत्रेयी, तुमच्या राज्यात प्रत्येक मुलाची शिशासाठी रक्ततपासणी होते, एक वर्षाच्या आसपास आणि पुन्हा दोन वर्षांच्या. पातेल्याचं सांगून डॉक्टरांना विचार की ती आत्ताच करून घ्यावी का. हो म्हणतील असं मला वाटतं. रक्तात डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम ही तिकडची सध्याची खूण आहे. त्यावर गेलं तर घरात शोध सुरू करतात. तू तो आधीच सुरू केलेला असशील. बोटाच्या थेंबातून आकडा जास्त आला तर घाबरू नकोस, शिरेतल्या रक्ताने पुन्हा बघतात. बोटावर धूळ असते, आमच्या ब्लँकसारखी.

बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर खाणं सुरू कराल तेव्हा रोज तांदळाची पेज नको. भात चिखलात उभा असतो आणि मातीतलं आर्सेनिक इतर धान्यांपेक्षा जास्त उचलतो. नाचणीचं सत्त्व, मुगाची डाळ, रताळं, ओट्स असं फिरतं ठेव. भात द्यायचा त्या दिवशी भरपूर पाण्यात शिजवून कोकणात वेळतात तसा वेळून घे. त्याने आर्सेनिक निम्म्याच्या आसपास कमी होतं. ते वेळलेलं पाणी मात्र फेकायचं, पौष्टिक म्हणून बाळाला पाजायचं नाही. सासूबाईंना हे सर्वात अवघड जाईल.

रिपोर्ट आला की कळव. ३.५ च्या वर असला तर त्याच दिवशी, खाली असला तर सवडीने, बाळाच्या दोन ओळी लिहून.

तुझी,
ताई